कोटाची पांढरी बाजू

"टाचण्या लावताय का काटं काढताय वो वैनी? हाडाला लागली की."

उदयसिंह हे वहिनीच्या टाळूवरच पुटपुटला. शिवांजली त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली होती आणि त्याच्या नव्या जाकिटाचा घेर टाचत होती. जाकीट पातळ माणसासाठी बेतलेलं होतं आणि दीर गेल्या हिवाळ्यापेक्षा रुंद झाला होता. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर द्यायची गरज पडली नाही. टाचण्या तोंडात धरण्याचा हा फायदा शिवणयंत्र घरात आल्यावर तिच्या लवकरच लक्षात आला होता.

"हाडापातूर जायाला मधी लय मुलूख हाय तुझा," सोप्याच्या उंबऱ्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली शालूबाई म्हणाली. लेकाकडे बघताना तिचे डोळे हसले. मग ते सुनेवर आले आणि हसायचे थांबले. "आन् तू नीट लाव गं. ह्या घरातल्या बाप्यांना तुझ्या हातचं कपडं मानवत न्हाईत, ठावं हाय ना?"

शिवांजलीने पुढची टाचणी ओठातून काढली आणि कापडात खोवली.

उद्या उजाडता डुकरांच्या मागे जायचं होतं. कागदावर त्याला पिकाची राखण म्हणतात, गावात हाका म्हणतात आणि ताटात आल्यावर कुणी काहीच म्हणत नाही. उंब्रजच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत ऊस लांबवर पसरलेला आहे. पौषात पहाटे त्याच्यावर असं दव पडतं, की पातं हललं तरी अंगावर ओंजळ ओतल्यासारखं होतं. उसात शिरणारा माणूस आधी दवाने भिजतो, मग घामाने, आणि बाहेर येऊन बांधावर उभा राहिला की डोंगरावरचा वारा त्याला वाळत घालतो. म्हणून हाक्याच्या आदल्या दिवशी घरोघर ट्रंका उघडतात. कुणी कानटोपी शोधतं, कुणी थोरल्या भावाचं स्वेटर उसनं आणतं. लोकर ऊब देते, पण भिजली की गळ्यात धोंडा. रेनकोट पाणी अडवतो, पण आतला माणूस वरणासारखा शिजतो. केरबानानांसारखे जुने लोक या भानगडीत पडत नाहीत. ते घोंगडी पांघरतात. पाणी वरून ओघळून जातं आणि आतल्या म्हाताऱ्याला त्याची वार्ताही नसते.

केरबानाना आत्ताही घोंगडी घेऊनच खांबाला टेकले होते. या भागातला हाका तेच लावतात. कोण कुठल्या बांधावर उभा राहणार, कोण आतून डबे वाजवत येणार, शीळ कधी घालायची, सगळं त्यांच्या बोटावर. बोलायचे मात्र कमी. या घरात आले की आणखी कमी.

"जावईबापू कुठं हायत?" उदयसिंहाने हात वर धरूनच विचारलं. "का सासूच्या गोधडीत घुसलं?"

या बाजूची एक रीत आहे. घरात नवा जावई आला की पहिल्या हिवाळ्यात त्याला हाक्याला न्यायचं. त्याने काही मारायचं नसतं. उसात शिरून ओरडायचं, पात्यांनी गाल चिरून घ्यायचे, आणि संध्याकाळी सासूच्या चुलीवर त्याच्या नावाचा वाटा शिजतो. जो जावई आला नाही, त्याची गोष्ट गावाला त्याच्या नातवंडांपर्यंत पुरते.

शिवांजलीच्या लेकीचा, सृष्टीचा नवरा विश्वजीत सांगलीशेजारच्या माधवनगरचा. उसाशी त्याचा संबंध रसाच्या गाड्यापुरता. तो माजघरातून बाहेर आला आणि सोप्यात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अंगात नारिंगी जाकीट होतं. साधं नारिंगी नव्हे, रस्त्याचं काम चालू असताना बॅरिकेडला असतं तसलं. मागे सृष्टी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर निवड स्वतःची असल्याचा अभिमान.

"ह्यात वारा शिरत न्हाई, पाणी शिरत न्हाई," ती म्हणाली. "आतनं अस्तर हाय. टोपीबी निघती."

उदयसिंह हसला. पोट हललं आणि एक टाचणी खरंच टोचली, पण हसण्याच्या भरात त्याला ती कळली नाही.

"आरं देवा! डुक्कर उसातच लोळंल हसून हसून. जावईबापू, हायवेवर झेंडा दावायला उभं ऱ्हायाचंय का उसात जायाचंय?"

"काका, सृष्टीनं सांगलीत चार दुकानं पालथी घातली हो," विश्वजीत ओशाळून म्हणाला.

"हात हालवा जरा," केरबानाना म्हणाले.

त्याने हलवला. कापड कराकरा वाजलं.

"पापडाची परात," उदयसिंहाने निकाल दिला. "डोंगरापल्याड ऐकू जाईल. आमी बांधावर श्वास धरून हुभं आसतो, जावईबापू. उसाचा शेंडा हालला की आपला बार सुटलाच. डोळं झाकून."

"आणि शेंडा माझ्यामुळं हलला तर?"

विश्वजीत गमतीनेच बोलला होता. पण हसू यायला उशीर झाला. मधल्या त्या जागेत पावट्याची एक शेंग फुटल्याचा आवाज तेवढा आला.

"तुमी काय डुक्कर हाय व्हय?" उदयसिंह म्हणाला आणि मग मोठ्याने हसला. केरबानानांनी घोंगडी खांद्यावर वर ओढली. "वैनी, दादाचा कोट काढा. मिल्ट्रीचा. त्याच्यासारखा कोट ह्या तालुक्यात न्हाई. ऊबच्या ऊब, पाणी लागत न्हाई आन् आवाज न्हाई."

शिवांजलीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"त्याला कसर लागलीय, भावजी."

"बघू की किती लागलीय."

"जुना झालाय. जावयाला जुनं घालू ने."

"काढ म्हणतोय तर काढ की," शालूबाई म्हणाली. "कोटानं काय दरसाल येकेक खायाचा नेम धरलाय? आपल्या नवऱ्याला घालताना न्हाई गं हात कापला तुझा."

सृष्टीने आजीकडे पाहिलं. हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. भाकरीबरोबर, अंघोळीच्या पाण्याबरोबर, परीक्षेच्या दिवशी दारातून निघताना. तिच्या वडिलांना कोटाने मारलं, आणि कोट आईने घातला. घरातलं हे गणित तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

शिवांजली आतल्या खोलीत गेली.

काळी पत्र्याची ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव, जयराज, आणि फौजेतला नंबर. आत कडुलिंबाच्या पाल्यात तो कोट. बर्फातल्या पोस्टिंगवरून जयराजने आणला होता. दोन्ही बाजूंनी घालता यायचा. एक बाजू बर्फासारखी पांढरी, दुसरी पाचोळ्यासारखी हिरवट-तपकिरी. ती तो दर थंडीत उन्हाला टाकायची. आणि दर थंडीत शालूबाई काठी टेकत येऊन त्या कोटाची पाठ भिंतीकडे करून जायची. का, ते दोघींपैकी कुणी बोललं नाही.

जयराज गेला त्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला होता आणि असाच हाका ठरला होता. शिवांजलीने त्याला पांढरी बाजू बाहेर करून कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं स्वतः लावली.

"बगळा दिसतोय की मी," तो आरशात बघून म्हणाला होता.

"दिसा की. दिसायलाच पायजे."

संध्याकाळी त्याला ट्रॉलीतून आणलं. अंगात कोट नव्हता. बांधावर पाय घसरला आणि त्याचीच बंदूक उडाली, असं सांगण्यात आलं. जे गावाने सांगितलं तेच कागदावर आलं. मग शालूबाईने त्यात भर घातली. कोट भिजून जड झाला, म्हणून पाय घसरला. आणि कोट कुणी घातला? तेराव्याला आलेल्या बायकांनी माना हलवल्या. कुणालातरी दोष दिल्याशिवाय माणूस जात नाही, आणि सून जवळच बसलेली होती.

पुढे गोठ्यातला कडबा उपसताना तिला पोत्यात कोंबलेला तो कोट सापडला. हिरवी बाजू बाहेर होती. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, एक भोक होतं.

तिने तो विहिरीवर धुतला. शिवांजलीचं माहेरही माधवनगरचं. तिची मावशी तिथल्या कापड गिरणीत रफूला होती, आणि रफू म्हणजे काय ते शिवांजलीने तिच्या शेजारी बसून डोळ्यांनीच उचललं होतं. तिने कोटाच्याच दुमडीतले धागे काढून ते भोक असं भरलं, की हिरव्या बाजूने बोट फिरवलं तरी कळू नये. पांढऱ्या बाजूला मात्र जोंधळ्याच्या दाण्याएवढी गाठ राहिली. पाय घसरलेल्या माणसाला स्वतःच्या बंदुकीची गोळी पाठीत कशी लागते, हे तिने कुणाला विचारलं नाही. सृष्टी शाळेत होती. तिला याच छपराखाली वाढायचं होतं. आणि जे विचारायचंच नाही ते विचारणाऱ्या बाईला छप्पर राहत नाही, एवढं तिला कळत होतं.

तेव्हापासून हाका झाला की जयराजच्या नावाचाही वाटा येतो. कुणीतरी पिशवी उंबऱ्यात ठेवतं आणि मागे न बघता जातं. "शिजव," शालूबाई म्हणते, "तुझ्याच नवऱ्याचा हाय." शिवांजली शिजवते. म्हातारी त्या दिवशी दूध-भाकरी खाते. वाटा उदयसिंह खातो. मटणाला मीठ बरोबर पडलं असेल तर तसं सांगतोही.

एकच गोष्ट शिवांजलीला कधी उलगडली नव्हती. पांढरा गेलेला कोट हिरवा कसा परत आला?

तिने कोट सोप्यात आणला. पांढरी बाजू बाहेर.

"हां!" उदयसिंहाने तो तिच्या हातातून घेतला, बाह्यांत हात घालून सराईतपणे उलटा केला. "हे आसं. जावईबापू, ध्यानात ठिवा, उसात पांढरं कवाच घालायचं न्हाई. पांढरं बघून डुक्कर माघारी फिरतं. दादालाबी मी..."

तो थांबला.

केरबानाना अंगणात बघत होते. अंगणात एक कोंबडी होती आणि ती काही विशेष करत नव्हती. शालूबाईच्या बोटांतून पावट्याचा दाणा निसटला, फरशीवरून गडगडत शिवांजलीच्या पायाशी आला. शिवांजलीने तो उचलला, पुसला आणि सासूच्या सुपात टाकला.

"बाह्या लांब हुत्याल त्यांना," ती म्हणाली. "द्या, आखूड करते."

"हिरवीच बाजू वर ठिवा," उदयसिंह म्हणाला.

"व्हय."

शिवणयंत्र आतल्या खोलीत खिडकीपाशी होतं. तिने बाह्या दुमडल्या, टीप मारली. काम तेवढंच होतं. पण ती उठली नाही. दारात सृष्टी उभी होती, नवऱ्याचं नारिंगी जाकीट छातीशी धरून.

"टोपी काढून दे त्याची," शिवांजली म्हणाली.

"कशाला?"

"दे."

सृष्टीने चेन ओढून टोपी सुटी केली. शिवांजलीने ती मांडीवर पसरली, कात्री घातली आणि सरळ कापत गेली.

"आई! आगं नवा हाय की त्यो!"

कात्री थांबली नाही. त्या कापडातून तिने ताटाएवढा चौकोन काढला. कोटाची हिरवी पाठ वर घेतली, आतली गाठ बोटांनी चाचपत एका जागी आली आणि तिथेच तो चौकोन ठेवला. चारी बाजूंनी दुहेरी टीप मारली. मग सुईत जाड दोरा ओवून कोपरे हाताने पक्के केले. सृष्टी बघत राहिली. आई इतक्या रागाने काही शिवते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि हा राग आहे हेसुद्धा तिला टाक्यांवरूनच कळलं.

"काकाला आवडायचं न्हाई हे."

"आवडायला न्हाईच शिवलं." शिवांजलीने दोरा दाताने तोडला. "तुज्या पप्पांच्या येळंला माझ्यापाशी ह्या रंगाचं कापड न्हवतं."

सोप्यात विश्वजीतने कोट चढवला. त्याला तो छान बसला. इतका छान, की सृष्टीने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघून घेतलं.

"ह्ये बगा! आत्ता कसं गडी दिसताय," उदयसिंह म्हणाला. "फिरा बघू."

विश्वजीत फिरला.

कुणी काही बोलायच्या आत केरबानाना बोलले. "लांबनं दिसतंय," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखं नाही. पुष्कळ दिवसांनी बरं काहीतरी दिसावं तसं.

"ह्ये काय थिगाळ लावलंय वैनी?" उदयसिंहाचा आवाज चढला. "शिमग्याचं सोंग केलंय? उसवा आदी."

"ऱ्हाऊ दे, भावजी."

"मी हितं बोंबलून सांगतोय, पांढरं नको, भडक नको, आन् तुमी..."

"जावई हाय माझा. दिसू दे त्यो."

"बाईमाणसानं शिकार शिकवायची आता आमाला? तुमच्या हुशारीनं एकदा झालंय की ह्या घराचं चांगलं." तो आत गेला आणि शिवणयंत्रावरचं ब्लेड घेऊन आला. "जावईबापू, हुभं ऱ्हावा नीट."

"काका, असू दे ना," विश्वजीत म्हणाला. "मला चालतंय."

"तुमाला न्हाई कळायचं. गप हुभं ऱ्हावा."

दुहेरी टीप सुटेना. उदयसिंहाने चौकोनाचा कोपरा पकडून ओढला, खाली ब्लेड घातलं आणि जोर केला. कोपऱ्यातला जाड दोरा तुटला. ब्लेड पुढे सटकलं आणि कापडाच्या अंगात शिरून थांबलं. नारिंगी चौकोन अर्धा लोंबला. त्याच्याखाली, इतके हिवाळे कुणाला न दिसलेलं रफू मधोमध चिरलं होतं. धागे सुटे झाले, कडेला वळले, आणि जे होतं ते तिथे उघडं पडलं. गोल. कडा जुन्या, काळपट.

विश्वजीतला पाठीला गार लागलं. त्याने हात मागे नेला. बोट भोकात गेलं.

"इथं भोक आहे काय?"

शिवांजली उदयसिंहाच्या हातातल्या ब्लेडकडे बघत होती.

"उंदरानं कुरतडलं आसंल," उदयसिंह म्हणाला. "ट्रंकेत पडून हुता."

"पत्र्याच्या ट्रंकेत?" विश्वजीतने भाबडेपणाने विचारलं. माधवनगरच्या माणसाला काय विचारायचं नसतं ते अजून शिकायचं होतं.

"मग तिकडं बर्फात झालं आसंल. मिल्ट्रीत काय कमी भोकं पडत्यात?"

"हिकडं या, जावईबापू," शालूबाई म्हणाली.

विश्वजीत उंबऱ्याकडे गेला. म्हातारीने त्याला खाली बसायला लावलं, आपल्याकडे पाठ करून. सूप बाजूला सारलं, पावट्याने हिरवी झालेली बोटं लुगड्याला पुसली. तिला जवळचं नीट दिसत नाही. तिने तळहात कोटाच्या पाठीवर ठेवला, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत सरकवत नेला. मधोमध थांबली. करंगळी आत घातली. ती आतच राहू दिली.

"आत्या," शिवांजली सासूला म्हणाली. कशाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"आजी, काय झालं?" विश्वजीतने मान न वळवता विचारलं.

शालूबाई लेकाकडे बघत होती. राहिलेल्या एका लेकाकडे. त्याच्यासाठी तिने थोरल्याच्या मरणाचा दोष सुनेच्या पदरात बांधला होता आणि गाठ सैल झाली की पुन्हा आवळली होती. त्याने ब्लेड मुठीत झाकलं होतं, लहानपणी काही फोडलं की तुकडा झाकायचा तसं.

"आई, उठ तू," उदयसिंह म्हणाला. "आत जा. तुला ठावं हाय, पाय घसरला हुता त्याचा..."

केरबानाना उठून उभे राहिले, पण गेले नाहीत. घोंगडी त्यांच्या खांद्यावरून खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही.

शालूबाईने करंगळी बाहेर काढली.

"पाय न्हाई घसरला त्याचा," ती म्हणाली. "तुझी गोळी हाय ही, उदया."